सातव्या फटफटीची किक

प्रिय भिंगरी,

परवा पालिकेची माणसं आली आणि आपल्या दारासमोरची गटाराची लोखंडी जाळी बदलून गेली. जुनी पार कुजली होती. मी चहाचा कप घेऊन फाटकाशी उभा राहिलो आणि त्यांनी जाळी उचलल्याबरोबर सवयीनं खाली वाकून बघितलं. चिखल होता, बाटलीचं एक झाकण होतं, बाकी काही नाही. काही असणार नाही हे मला आता पक्कं ठाऊक आहे, तरी बघितलंच. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, आजोबा, काही पडलंय का तुमचं? मी म्हटलं, नाही बाबा, काहीच पडलेलं नाही. एवढं साधं वाक्य बोलायला मला अठरा वर्षं लागली. ती कशी लागली ते सांगतो, पण जरा दमानं घे, कारण मला लिहायला वेळ लागतो.

अक्षर बघून दचकू नकोस. गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गंभीर नाही. काकू म्हणते, आयुष्यभर दुसऱ्यांना थरथर कापायला लावलंत, आता जरा तुम्हीही कापा. तिचा गुडघा तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत. तुझी खबर तुझ्या बाबाकडून कळते. दातांच्या प्रयोगशाळेत आता साचे आणि ओतकामाचा सगळा विभाग तुझ्या हाताखाली आला, हे ऐकून मी चार लोकांना सांगितलं. मी एकतीस वर्षं कारखान्यात गिअरचे दात तपासले, तू माणसांचे बनवतेस. आपलं खानदानच दातांचं म्हणायचं. हे अभिनंदन फोनवरही करता आलं असतं. पण फोनवर तू ‘हो काका, बरं काका, ठेवते काका’ याच्या पलीकडे जात नाहीस, आणि त्यात तुझी चूक नाही.

उगाच आडपडदा कशाला ठेवू? तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून या घराच्या फाटकाच्या आत आलेली नाहीस. तुझे आईबाबा यायचे तेव्हा तू बाहेर गाडीत पुस्तक घेऊन बसून राहायचीस. काकूचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात तीन दिवस तिच्या उशाशी बसलीस, तिला चमच्यानं भरवलंस, तिची वेणी घातलीस, आणि घरी सोडायला आलीस ती फाटकापर्यंत. तिथून तिचा हात माझ्या हातात दिलास आणि मागे फिरलीस. तेव्हा मला राग आला होता. म्हटलं, एवढुशा गोष्टीचा केवढा हा आकस! आता राग नाही. आता मला एकच गोष्ट हवी आहे, तू पुन्हा या घरात यावंस. बाकी देवानं सगळं दिलंय. हात थरथरतो तो थरथरू दे.

आपल्या फटफट्या अजून त्याच कपाटात आहेत, बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या उजव्या अंगाला. बाराच्या बारा पूर्ण झाल्या. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आमच्याकडे न चालणाऱ्या बारा फटफट्या आहेत, चालणारी एकही नाही. तुला आठवतं का कसं सुरू झालं ते? कारखान्यात आलेल्या एका मासिकात त्या शिल्पकाराची छोटी जाहिरात होती. प्यूटरच्या मोटरसायकली, प्यूटर म्हणजे जवळजवळ सगळं कथीलच, चिमूटभर तांबं आणि अँटिमनी घातलेलं. तळहातावर मावेल एवढी एकेक गाडी, पण स्पोक मोजून घ्यावेत. बारा नमुने, प्रत्येकाच्या फक्त दोनशे प्रती, मग साचा फोडून टाकायचा. जो पहिल्यापासून नाव नोंदवेल त्याला बाराही गाड्या एकाच क्रमांकाच्या मिळणार. आपला क्रमांक अठ्ठावन्न. सहा महिन्यांनी एक खोकं यायचं, आणि तू खोक्यातून गाडी निघाली रे निघाली की ती उलटी करून पोटाखालचा अठ्ठावन्न बघायचीस. सहा वर्षांच्या पोरीला पन्नासच्या पुढचे आकडे घोटून घ्यावे लागतात, तुला अठ्ठावन्न तेवढा तोंडपाठ.

नावंही तूच ठेवलीस. टाकी फुगलेली ती पोटली. शर्यतीची, पुढं वाकलेली, ती ओणवी. बाजूला डबा जोडलेली होती तिला तू कडेवरची म्हणालीस, कारण तिनं बाळ कडेवर घेतलंय. मी ती नावं अजून वापरतो. कपाटाची किल्ली वरच्या पत्र्याच्या डबीत असायची आणि मी सोडून फक्त तुला ती काढायची मुभा होती, तुझ्या बाबालासुद्धा नाही. माझा दाढीचा जुना ब्रश तू धूळ झटकायला घ्यायचीस. पॉलिश लावायचं नाही, प्यूटरचा करडेपणा हीच त्याची तब्येत, हे मी तुला एकदा सांगितलं आणि तू ते आल्यागेल्या सगळ्यांना दम देऊन सांगत सुटलीस. आणि आपला एक नेम होता. खोकं कधीही येवो, ते रविवारी जेवणं झाल्यावरच उघडायचं. प्रत्येक खोक्यात शिल्पकाराच्या हातची एक घडी घातलेली चिठ्ठी असायची, त्या गाडीची हकीकत सांगणारी. आधी ती चिठ्ठी तू मोठ्यानं वाचायचीस, अक्षर लावत लावत, आणि मग मी गाडी बाहेर काढायचो. चिठ्ठीच्या आधी गाडीला हात लावायचा नाही. नियम तुझाच होता. मी मान्य केला होता.

सातवी आली ती शनिवारी दुपारी. मला दम निघाला नाही. आता याला काय म्हणायचं? पन्नाशीचा बाप्या, कारखान्यात तपासणी विभागाचा मुख्य, आणि खोक्याची चिकटपट्टी नखानं उकरतोय. काकू म्हणालीसुद्धा, अहो, पोरगी उद्या येणार आहे, एक दिवस कळ काढा की. मी म्हटलं, नुसती बघतो, पुन्हा ठेवतो. पण काढली ती काढलीच. पंधरा मिनिटं फिरवून फिरवून पाहिली. प्रमाणपत्रावर डाव्या बाजूचा फोटो असतो, तो जुळवला. काकूला सांगितलं, सगळं जागच्या जागी, एक नंबर काम. आणि डावी बाजू पुढं करून कपाटात ठेवून दिली. खोकं माळ्यावर टाकलं. चिठ्ठी त्यातच राहिली, स्पंजाच्या खाली, आणि ती राहिली हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी काय झालं ते तुला मी सांगायची गरज नाही, पण मला एकदा ते लिहून काढायचंय, कारण आजवर ते मी फक्त माझ्या सोयीनं सांगत आलोय. आमची जेवणं चालली होती. तू आधी उठून बैठकीत गेलीस. मी हात पुसत आलो तेव्हा कपाट उघडं होतं आणि सातवी तुझ्या हातात उलटी होती. तू रागावली होतीस. म्हणालीस, काका, तुम्ही आधीच उघडलीत, आणि चिठ्ठी कुठंय? चोरी पकडली गेली की माणूस आवाज चढवतो. मी चढवला. गाडी तुझ्या हातातून घेतली आणि उजवी बाजू वळवली तर किक नव्हती. किकचा दांडा जिथून निघायचा तिथं नुसता एक तिरपा खुंट. मी भिंग आणलं, खुंट पाहिला आणि निकाल दिला, ताजी मोड आहे. काल मी स्वतः तपासलीय, काल किक होती.

पुढं मी जे केलं त्याला कारखान्यात चौकशी म्हणतात. तुला खुर्चीवर बसवलं आणि समोर मी बसलो. शांतपणे विचारत होतो याचा मला तेव्हा अभिमान वाटत होता. कुठं लागली, कशी पडली, तुकडा कुठं गेला. तू म्हणालीस, मी नाही मोडली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असं मी नेमकं अकरा वेळा विचारलं. आकडा मला पाठ आहे कारण मी मनात मोजत होतो, माझी ती खोडच. तुझी आई मूग गिळून बसली. काकू मध्ये पडली की पोरगी नाही म्हणतेय तर नसेल मोडली, तर मी तिला म्हटलं, तुला काय कळतं यातलं. मग तुझ्या बाबानं तुला एक ठेवून दिली. माझी, मोठ्या भावाची, लाज राखायला ठेवून दिली, हे मला तेव्हाही कळलं होतं. आणि मी त्याचा हात धरला नाही. त्यानंतर तू म्हणालीस, हो, मीच मोडली.

तुकडा कुठं टाकलास विचारलं तर तू खिडकीकडे बघितलंस आणि म्हणालीस, गटारात. मग मी काय केलं असेल? पुढच्या दोन संध्याकाळी दारासमोरची जाळी काढून, स्वयंपाकघरातली चहाची गाळणी घेऊन, चिखल गाळत बसलो. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. शेजारचा शिंपी विचारायला आला, सोनं हरवलंय का? मी म्हटलं, त्याहून मोलाचं. पण याच्याही आधी, रविवारीच, मी एक गोष्ट केली होती. नवी किक बनवायची तर माप हवं. शनिवारी मी माप घेतलं नव्हतं. म्हणून तुला विचारलं, केवढी होती ग ती? तू नाक पुसलंस आणि अंगठा आणि बोट यांच्यामध्ये अंतर धरून दाखवलंस, एवढी. मी आत जाऊन व्हर्नियर आणला आणि तुझ्या बोटांमधलं ते अंतर मोजलं. साडेअकरा मिलिमीटर. बोटं हलवू नकोस म्हणालो. तू हलवली नाहीस.

निघताना तुला चॉकलेट दिलं. खरं बोललीस म्हणून माफ केलं, असं वर म्हणालो. खरं बोलणाऱ्याला या घरात भीती नाही, असंही काहीतरी म्हणालो, आणि आपल्या मनाचा मोठेपणा बघून माझं मलाच भरून आलं. चॉकलेट तू घेतलंस आणि जाताना कपाटावर ठेवून गेलीस. आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसलं. काकूनं ते टाकलंही नाही आणि कुणाला दिलंही नाही, तिथंच राहू दिलं, शेवटी मुंग्या लागल्या तेव्हा उचललं.

किक मी बनवली. भंगारवाल्याकडून प्यूटरचा एक मोडका पेला आणला, त्याचा कान कापला, कानशीनं घासून घासून साडेअकरा मिलिमीटरची किक काढली. प्यूटर फार लवकर वितळतं, नेहमीचा डाग द्यायला गेलं तर किकच्या आधी गाडीच विरघळायची. म्हणून कमी उष्णतेवर वितळणारं वेगळं सोल्डर मिळवलं, पेल्याच्या उरलेल्या पत्र्यावर तीन आठवडे सराव केला, मग तो तिरपा खुंट कानशीनं सपाट केला आणि किक बसवली. जोड मला स्वतःला भिंगातून सापडत नाही. आल्यागेल्याला मी सातवी मुद्दाम उजव्या अंगानं दाखवायचो. सांगायचो, ओळखा बरं, यात माझ्या हातचं काय आहे? कुणाला ओळखता यायचं नाही. मग मी सगळी कथा सांगायचो, लहानग्या पुतणीनं मोडली, पण पोरगी गुणाची, कबूल केलं. असं मी अठरा वर्षांत किती जणांना सांगितलं असेल याची मात्र मोजदाद नाही.

आठवी ते बारावी एकट्यानं उघडल्या. रविवारची वाट बघायचं काही कारण उरलं नव्हतं. चिठ्ठ्याही वाचल्या नाहीत. तू नसताना त्या वाचायच्या कशा, असं काही नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला त्यात रसच नव्हता. मला माप आणि काम बघायचं असतं, हकिकती नाहीत.

आता यंदाची गोष्ट. शिल्पकार वारला, त्याला काही वर्षं झाली. त्याची मुलगी बापाच्या सगळ्या कामाचं एक पुस्तक करतेय, दोनशे क्रमांकांपैकी कुठली गाडी आज कुणाकडे आहे त्याच्या नोंदींसकट. तिनं नाव नोंदवलेल्या सगळ्यांना कळवलं की गाड्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा. मी काय, तयारच. हात दाखवून अवलक्षण. दोन दिवस खपून, पांढऱ्या चादरीवर मांडून, शिंप्याच्या मुलाकडून फोटो काढून घेतले आणि पाठवले. आठवड्यानं तिचं उत्तर आलं. अकरा गाड्या उत्तम राखल्यात म्हणून कौतुक केलं आणि खाली लिहिलं, सातवीवर कुणीतरी हात चालवलेला दिसतो, तुम्ही ती दुसऱ्या कुणाकडून घेतली होती का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लांबलचक लिहिलं, की मी तपासनीस आहे, मला शिकवू नका, मूळ किक घरातल्या मुलीनं मोडली, मी फक्त होती तशी केली.

तिचं दुसरं उत्तर चार ओळींचं होतं. किक होती तशी केली म्हणता, पण ती कधी नव्हतीच. सोबत दोन फोटो होते. एक तिच्या बापानं जपून ठेवलेल्या मूळ नमुन्याचा, उजव्या बाजूनं. किक नाही, तोच तिरपा खुंट. दुसरा त्याच्या कामाच्या वहीतल्या पानाचा. सातवी गाडी त्यानं एका सुईणीच्या फटफटीवरून घडवली होती. त्या बाईच्या गाडीची किक फार पूर्वी तुटली होती आणि तिनं ती कधी बसवून घेतली नाही, कारण बाळंतपणाला बोलावणं आलं की अख्खी गल्ली गाडी ढकलायला धावायची. वहीत खाली त्यानं लिहून ठेवलंय, दोनशेंपैकी एकालाही किक नाही, मुद्दाम. कुणी तक्रार केली तर कळवायचं, ढकला. आणि मुलीनं शेवटी माझी स्तुती केली होती. म्हणाली, जोड इतका सफाईदार आहे की बाबांनी तुम्हाला कामावर ठेवून घेतलं असतं. भिंगरे, आयुष्यात एवढी जिव्हारी लागलेली शाबासकी मला कुणी दिली नाही.

ओतलेला पृष्ठभाग कसा दिसतो आणि मोडलेला कसा दिसतो, हा फरक मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवत असे. मोडीत दाणा दिसतो, ओतीवात कातडी दिसते. तू रोज साचे हाताळतेस, तुला मी काय सांगू. पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट ती. आणि त्या रविवारी माझ्या भिंगाखाली कातडी होती. गुळगुळीत, करडी, साच्यातून आलेली. मी बघितली आणि दाणा आहे म्हणालो. शनिवारी किक बघितली म्हणतो, तीही मी बघितली नव्हती. फटफटीला किक असतेच, म्हणून ती माझ्या अकलेनं तिथं लावून टाकली. आणि मग तो खुंट कानशीनं घासून मी पुरावाही पुसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

काकू शेजारी भाजी निवडत होती. तिला फोन दिला. तिनं चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले, मजकूर दोनदा वाचला, आणि विळी बाजूला सारली. मला वाटलं आता तोफ डागणार. पण ती म्हणाली, तुम्ही एकटेच नाही, त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मीही तिला विचारलं होतं, खरं सांग बाई, मोडलीस का? आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी दुसरीकडे बघितलं. एवढं बोलून ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, पत्र लिहा. फोन नको, फोनवर तुम्ही चौकशी सुरू करता.

मग मी शिंप्याच्या मुलाला शिडी धरायला लावून माळ्यावरून सातवीचं खोकं काढलं. स्पंज उचलला. चिठ्ठी तिथंच होती, घडी घातलेली, वर छोटी गोल कागदी टिकली चिकटवलेली आणि टिकलीवर अठ्ठावन्न. तू त्या दिवशी खुर्चीवर बसण्याआधी पहिलं वाक्य बोलली होतीस ते हेच, चिठ्ठी कुठंय. मी तेव्हा उठून माळ्यावर हात घातला असता तर गोष्ट दोन मिनिटांत मिटली असती. आपण दोघं हसलो असतो. तू तिचं नाव काहीतरी ठेवलं असतंस. सातवीपासून पुढं एकाही गाडीला नाव नाही, हे मला परवा कळलं. मी इतकी वर्षं तिला सातवीच म्हणतो.

तुझ्या बाबाला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला, मग त्याला. त्याला जे ऐकून घ्यायचंय ते तो ऐकेल, पण त्यानं हात उचलला तो माझ्या शब्दावर, तेव्हा त्याच्या वाटणीचं थोडं माझ्याकडे धर. शिल्पकाराच्या मुलीला मात्र कळवून टाकलंय. पुस्तकात माझ्या सातवीपुढं लिही म्हटलं, मालकाच्या चुकीनं बदललेली, मूळ गाडी निर्दोष होती, आणि घरातल्या मुलीनं तिला काहीही केलेलं नव्हतं. ती म्हणाली, एवढं सगळं छापायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं, बाई, माझ्यासाठी पाडा ही पद्धत. ती छापणार आहे.

आता पत्र कशासाठी ते. तू किक मोडली नव्हतीस. हे वाक्य मी तुला समोर उभं राहून म्हणायला हवं, पण तू येशील की नाही ठाऊक नाही म्हणून आधी कागदावर. अकरा वेळा तू खरं बोललीस आणि मी ऐकलं नाही. बाराव्या वेळी खोटं बोललीस, ते आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्याकडून बोलवून घेतलं, आणि त्या खोट्याला मी बक्षीस दिलं. माझं चुकलं, बाळा. याला दुसरा शब्द नाही आणि मी शोधणारही नाही. तुझ्याकडे माझं एक काम आहे. ती चिठ्ठी मी उघडलेली नाही. आत काय असणार ते मला आता कळलंय, तरी टिकलीला नख लावलेलं नाही, कारण चिठ्ठी वाचायचं काम तुझं. आणि दुसरं, ती किक काढायची आहे. जोडाला लागून कापायची, गाडीला धक्का न लावता. माझा हात आता त्या कामाचा राहिला नाही, आणि राहिला असता तरी मी ती कापली नसती. तुझ्याकडे दातांच्या कामाची बारीक करवत असेलच, ती घेऊन कुठल्याही रविवारी जेवायला ये. जेवणं झाली की तू आधी चिठ्ठी वाच, मोठ्यानं, आणि मग ती किक तुझ्या हातानं काढून टाक. जिची शिक्षा आधीच भोगून झालीय ती गोष्ट एकदा करून तरी टाक. तुकडा गटारात फेकायचा असेल तर जाळी नवी आहे, पण भोकं मोठी आहेत. नाही आलीस तरी मी समजेन, मग चिठ्ठी टपालानं पाठवीन, तुझीच आहे ती. आलीस तर कपाटाची किल्ली डबीतच आहे. मी बाजूला उभा राहीन, आणि तुला एकही प्रश्न विचारणार नाही.

तुझाच,
मोठा काका